विद्यार्थ्याचे गुपित आणि शिक्षकाचे कर्तव्य

(मंडळाच्या आंबेडकर जयंती समारंभात, पालक मेळाव्यामध्ये दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शिक्षकांच्या कर्तव्याविषयी एका डॉक्टराने का बोलावे, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. त्याचे उत्तर साधे आहे. रुग्णाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट चार भिंतींबाहेर जाऊ द्यायची नाही, हा आम्हा वैद्यक व्यवसायातील माणसांचा पहिला धडा होय. हिप्पोक्रेटिसच्या नावाने चालत आलेल्या प्राचीन शपथेतही ही जबाबदारी आहे. ती केवळ सौजन्यापोटी आलेली नाही. आपले गुपित सुरक्षित राहील असा भरवसा नसेल तर रुग्ण लक्षणे लपवतो, लक्षणे लपवली की निदान चुकते आणि निदान चुकले की उपचार वाया जातो. शिक्षकाचेही असेच आहे. ज्या मुलाला आपल्या शिक्षकाविषयी हा भरवसा वाटत नाही, ते मूल आपली अडचण सांगत नाही. आणि न सांगितलेल्या अडचणीवर कोणीही उपाय करू शकत नाही.

आपल्या धम्मात हा विचार नवा नाही. दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी गृहस्थाला सहा दिशांचा अर्थ समजावून सांगितला आहे. त्यात दक्षिण दिशा म्हणजे आचार्य. शिष्याने आचार्यांची सेवा कशी करावी हे सांगून तथागत तेथे थांबत नाहीत. आचार्यांनी शिष्यासाठी काय करावे, हेही ते सांगतात. शिष्याला चांगले वळण लावावे, त्याला नीट समजेल असे शिकवावे, हातचे काही राखून न ठेवता विद्या द्यावी, त्याच्या मित्रमंडळींत त्याच्याविषयी चांगले बोलावे आणि सर्व दिशांनी त्याचे रक्षण करावे, ही ती पाच कर्तव्ये. यांपैकी शेवटची दोन आजच्या विषयाचा गाभा आहेत. शिष्याविषयी इतरांत काय बोलावे आणि त्याचे रक्षण कसे करावे, हा आचार्यधर्माचाच भाग आहे. मज्झिमनिकायातील अभयराजकुमार सुत्तात तथागत आणखी एक पाऊल पुढे जातात. केवळ खरे आहे म्हणून बोलणे पुरेसे नाही. जे बोलायचे ते हितकारक असावे आणि ते बोलण्याची वेळही योग्य असावी. 'मी खोटे थोडेच सांगितले?' असे म्हणून जबाबदारी झटकणाऱ्या प्रत्येकाने, मग तो शिक्षक असो वा डॉक्टर, हे सुत्त आठवावे.

मित्रहो, उघड केलेली एखादी माहिती माणसाचे काय करू शकते, हे आपल्या समाजाला ग्रंथांतून शिकण्याची गरज नाही. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत बालक भिवाचे नाव नोंदले गेले. तो दिवस महाराष्ट्रात २०१७ सालापासून विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो, ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु त्या काळच्या शाळेत या मुलाची जात कोणापासूनही लपलेली नव्हती. ती त्याच्या बसण्याच्या वेगळ्या गोणपाटात होती आणि शिपाई आल्याशिवाय न मिळणाऱ्या पाण्यात होती. पुढे १९१३ साली बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आले. परदेशातील वास्तव्यात अस्पृश्यतेची जाणीव आपल्या मनातून पुसली गेली होती, असे त्यांनी स्वतःच नमूद केले आहे. १९१७ साली ते बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तेव्हा मुक्कामासाठी त्यांना पारशी नाव धारण करून एका पारशी विश्रामगृहात राहावे लागले. काही दिवसांनी ओळख उघड झाली आणि काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले. जगातील श्रेष्ठ विद्यापीठांत शिकलेल्या त्या तरुणाचे ज्ञान, पदवी, पद यांपैकी काहीही बदललेले नव्हते. फक्त एक माहिती बाहेर पडली होती.

आमच्या पिढीला महाराष्ट्रातील शाळा-महाविद्यालयांत याचे सौम्य स्वरूप अनुभवायला मिळाले. शिष्यवृत्तीची मुले कोण, त्यांनी उभे राहावे, असे भर वर्गात सांगितले जाई. फी-माफीच्या याद्या सूचनाफलकावर लागत. सांगणाऱ्याच्या मनात नेहमीच वाईट हेतू असे असे नव्हे. पुष्कळदा तो केवळ कामाचा उरक असे. पण त्या अर्ध्या मिनिटात वर्गातल्या साठ डोक्यांत एक नोंद कायमची होऊन जाई. शिष्यवृत्तीचा हक्क संविधानाच्या प्रेरणेतून मिळालेला होता. तो घेण्यात कमीपणा काहीच नव्हता. परंतु हक्क देताना हक्कदाराची दवंडी पिटण्याचे कारणही नव्हते.

आता ज्या देशात आपली मुले शिकत आहेत, तेथील कायदा पाहू. अमेरिकेत १९७४ साली 'कौटुंबिक शैक्षणिक हक्क व खासगीपणा कायदा' झाला. न्यूयॉर्कचे सिनेटर जेम्स बकली यांनी तो मांडला. आद्याक्षरांवरून सर्वजण त्याला 'फर्पा' म्हणतात. केंद्र सरकारच्या शिक्षण खात्याचा निधी घेणाऱ्या शाळा, महाविद्यालये व विद्यापीठे यांना तो लागू आहे. असा निधी न घेणाऱ्या खासगी शाळांना तो लागू होत नाही. या कायद्याने पालकांना तीन मुख्य हक्क दिले. पहिला हक्क, आपल्या पाल्याची शाळेतील कागदपत्रे पाहण्याचा. मागणी केल्यापासून ४५ दिवसांच्या आत शाळेने ती दाखवलीच पाहिजेत. दुसरा हक्क, त्यातील चुकीची किंवा दिशाभूल करणारी नोंद दुरुस्त करून मागण्याचा. शाळेने नकार दिल्यास सुनावणी मागता येते आणि तेथेही निर्णय विरुद्ध गेल्यास आपले म्हणणे लेखी स्वरूपात त्या नोंदीसोबत जोडून ठेवता येते. तिसरा हक्क असा की, विद्यार्थ्याची ओळख पटेल अशी माहिती पालकांच्या लेखी संमतीखेरीज बाहेर देता येत नाही.

या तिसऱ्या हक्काला अपवाद आहेत आणि ते समजून घेतले पाहिजेत. शाळेतील ज्या कर्मचाऱ्याला आपल्या कामासाठी ती माहिती खरोखर लागते, त्याला ती मिळू शकते. पण केवळ तो त्याच शाळेत नोकरीला आहे एवढ्याने त्याला अधिकार येत नाही. मूल दुसऱ्या शाळेत गेले तर कागदपत्रे तिकडे जातात. न्यायालयाचा आदेश आल्यास ती द्यावी लागतात. आरोग्य वा सुरक्षिततेवर तातडीचे संकट आले तर संमतीची वाट पाहावी लागत नाही. शिवाय 'डिरेक्टरी माहिती' नावाचा एक प्रकार आहे. नाव, पत्ता, दूरध्वनी, जन्मतारीख, मिळालेली पारितोषिके अशी माहिती शाळा संमतीशिवायही प्रसिद्ध करू शकते, मात्र तसे करू नये असे पालक लेखी कळवू शकतात. सैन्यभरती करणाऱ्या अधिकाऱ्यांना माध्यमिक शाळेतील मुलांची नावे, पत्ते व दूरध्वनी देण्याविषयीही अशीच लेखी हरकत घेता येते. शाळा दर वर्षी या हक्कांची सूचना पालकांना देते. ती सूचना न वाचता केराच्या टोपलीत टाकू नका, एवढीच आमची विनंती आहे.

एका गोष्टीबाबत आमच्याकडे येणाऱ्या सुशिक्षित पालकांचाही मोठा गैरसमज असतो. शाळेतील परिचारिकेकडे असलेली मुलाची आरोग्यविषयक नोंद १९९६ च्या 'हिपा' कायद्याखाली सुरक्षित आहे, असे त्यांना वाटते. तो कायदा आमच्या दवाखान्यांना आणि रुग्णालयांना बांधतो. शाळेने ठेवलेली आरोग्याची नोंद मात्र बहुधा शैक्षणिक नोंद समजली जाते आणि तिला फर्पा लागू होतो. म्हणून दम्याचे, फेफऱ्याचे वा मानसिक उपचारांचे पत्र शाळेला देताना ते कोण पाहणार, कोठे ठेवले जाणार, हे विचारून घ्यावे. शाळेला जेवढे कळणे मुलाच्या सुरक्षिततेसाठी आवश्यक आहे तेवढे अवश्य कळवावे. त्याहून अधिक कळवण्याचे बंधन नाही.

आजाराची माहिती मुलाच्या जिवावर कशी उठते, याचे उदाहरण याच देशात घडले. इंडियाना राज्यातील रायन व्हाइट या मुलाला हिमोफिलिया होता. रक्तघटकांच्या उपचारातून त्याला एड्सची बाधा झाली. १९८५ साली शाळेने त्याला वर्गात येण्यास मनाई केली. कुटुंबाने न्यायालयात झगडून प्रवेश परत मिळवला. पण गावाने त्यांना सुखाने राहू दिले नाही आणि अखेर त्यांना दुसऱ्या गावी जावे लागले. १९९० साली तो मुलगा वारला आणि त्याच वर्षी एड्सग्रस्तांच्या उपचारासाठी झालेल्या कायद्याला त्याचे नाव देण्यात आले. एखाद्या मुलाला बाजूला बसवण्यासाठी जातच लागते असे नाही. समाजाच्या भीतीला कोणतेही निमित्त पुरते. म्हणून मुलाविषयीची माहिती हाताळणाऱ्याचा हात जपूनच चालला पाहिजे.

आता या कायद्याच्या मर्यादा. २००२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने याबाबत दोन महत्त्वाचे निकाल दिले. ओवासो शाळा मंडळाच्या खटल्यात प्रश्न असा होता की, विद्यार्थ्यांनी एकमेकांचे पेपर तपासून गुण मोठ्याने सांगणे हा फर्पाचा भंग आहे काय? न्यायालयाने नकारार्थी उत्तर दिले. कारण शिक्षकाच्या वहीत नोंदले जाण्यापूर्वी ते गुण शाळेने जपून ठेवलेली नोंद ठरत नाहीत. गोन्झागा विद्यापीठाच्या खटल्यात न्यायालयाने ठरवले की, फर्पाचा भंग झाला म्हणून विद्यार्थ्याला स्वतः संस्थेवर दावा लावता येत नाही. तक्रार केंद्रीय शिक्षण खात्याकडे, घटना कळल्यापासून १८० दिवसांच्या आत करावी लागते, आणि संस्थेचा निधी रोखणे हे त्या खात्याच्या हातातील शेवटचे शस्त्र आहे.

याहून मोठी मर्यादा आपल्या दृष्टीने अशी की, हा कायदा नोंदींचे रक्षण करतो. शिक्षकाने कानाने ऐकलेल्या वा डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीचे नाही. मुलीने मधल्या सुट्टीत बाईंना काही सांगितले आणि बाईंनी ते शिक्षकांच्या खोलीत चहाबरोबर वाटले, तर फर्पाचा भंग झाला असे बहुधा म्हणता येणार नाही. येथे कायदा संपतो आणि नीती सुरू होते. या देशातील शिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेने १९७५ साली स्वीकारलेल्या आचारसंहितेत, व्यवसायाच्या ओघात विद्यार्थ्याविषयी कळलेली माहिती सबळ व्यावसायिक कारण वा कायद्याची आज्ञा असल्याखेरीज उघड करू नये, असे बंधन आहे. ही संहिता कागदावरची नोंद आणि कानावरची गोष्ट असा भेद करत नाही. सिगालोवाद सुत्तही करत नाही.

बंधू-भगिनींनो, या नेमक्या फटीतून आपल्या मुलांचा प्रश्न डोकावतो. कॅलिफोर्नियात सहाव्या इयत्तेत प्राचीन भारताचा इतिहास शिकवतात. इतर राज्यांतही जगाच्या इतिहासात हा भाग येतो. पाठात जातिव्यवस्था आली की वर्गातल्या भारतीय मुलाकडे वळून 'तुझी जात कोणती?' असे विचारण्याचा मोह एखाद्या शिक्षकाला होतो. विचारणाऱ्याला ते ज्ञानार्जन वाटते. पण शेजारच्या बाकावर दुसरे भारतीय मूल बसलेले असते, संध्याकाळी ते घरी जाऊन सांगते आणि आठवड्याभरात वाढदिवसाची आमंत्रणे कोणाला आली नि कोणाला नाही, यातून आपल्या मुलाला उत्तर मिळते. जातिव्यवस्था शिकवलीच पाहिजे. तिचा इतिहास पुसू पाहणाऱ्यांना आपला विरोध राहील. पण इतिहास शिकवणे वेगळे आणि अकरा वर्षांच्या मुलाला त्याचा नमुना म्हणून उभे करणे वेगळे. वैद्यकीय विद्यार्थ्यांसमोर रुग्ण दाखवतानाही आम्हाला आधी त्याची संमती घ्यावी लागते.

यावर काही तरुण मित्र विचारतील, 'मग आपण आपली ओळख लपवावी काय? बाबासाहेबांनी स्वाभिमान शिकवला, तो कोठे गेला?' हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर असे की, लपवणे आणि खासगी ठेवणे यांत भेद आहे. लाजेने झाकतो ते लपवणे. कोणाला, केव्हा, किती सांगायचे हे स्वतः ठरवणे म्हणजे खासगीपणा. ज्या मुलाला न सांगण्याचा हक्क आहे, त्याचेच सांगणे स्वाभिमानाचे असते. जबरीने वदवून घेतलेली ओळख हा अभिमान नव्हे, ती हजेरी आहे. ज्या तरुण-तरुणींनी येथील विद्यापीठांत व नगरसभांत उभे राहून आपली ओळख स्वतःहून सांगितली, त्यांच्या धैर्यामुळेच २०१९ साली ब्रँडाइस विद्यापीठाने, २०२२ साली कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाने आणि २०२३ साली सिएटल शहराने जातीवरून होणाऱ्या भेदभावाला नावानिशी बंदी घातली. कॅलिफोर्निया राज्याचे तशाच आशयाचे विधेयक मात्र २०२३ साली राज्यपालांनी नामंजूर केले. सांगायचे की नाही हा निर्णय त्या तरुणांचा होता. तो कोणा शिक्षकाने त्यांच्या वतीने घेतलेला नव्हता.

भारतातही विचार पुढे गेला आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला आणि त्याचा पाया संविधानाच्या एकविसाव्या अनुच्छेदात दाखवला. २०२३ साली मुंबईच्या आयआयटीने विद्यार्थ्यांना सूचना दिली की, कोणी कोणाला प्रवेश परीक्षेतील क्रमांक विचारू नये. कारण त्या आकड्यातून जात शोधली जाते. क्रमांक विचारणे वरवर किती निरुपद्रवी! परंतु ज्यांनी तो प्रश्न वसतिगृहाच्या पहिल्या रात्री ऐकला आहे, त्यांना त्याची धार ठाऊक आहे.

गोपनीयतेला एक सीमा आहे, तीही सांगितली पाहिजे. मुलाला मारहाण होत असेल, त्याचे लैंगिक शोषण होत असेल, तर अमेरिकेतील शिक्षकाला संबंधित यंत्रणेला कळवणे कायद्याने बंधनकारक आहे. आम्हा डॉक्टरांवरही तेच बंधन आहे. मूल जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा बोलू लागले तर गप्प राहणे हा अपराध ठरेल. म्हणून शहाणा शिक्षक 'मी कोणालाही सांगणार नाही' असे वचन देत नाही. 'तुझ्या जिवाला धोका असेल तर मला मदत बोलवावी लागेल. एरवी तुझी गोष्ट माझ्यापाशी राहील,' असे तो सांगतो. गुपित राखणे आणि गुपित सांगणे, दोन्हींची कसोटी एकच आहे: यात मुलाचे हित आहे काय?

पालकांसाठी आता काही व्यावहारिक सूचना. वर्षारंभी शाळेची सूचना वाचून डिरेक्टरी माहितीविषयी आपला निर्णय लेखी कळवावा. धर्म, उत्पन्न, मानसिक आजार, कुटुंबातील संबंध अशा विषयांवर शाळेत प्रश्नावली येणार असेल तर ती आधी पाहण्याचा व पाल्याला वगळण्याचा हक्क बजावावा. भारताचा धडा येण्यापूर्वी शिक्षकांना नम्रपणे भेटून, कोणाही मुलाला वर्गात जात विचारू नये, अशी विनंती करावी; बहुतेक शिक्षक ती आनंदाने मानतात, त्यांना केवळ कल्पना नसते. ज्या कुटुंबांच्या व्हिसाचे प्रश्न असतील त्यांनी घाबरू नये. १९८२ च्या प्लायलर खटल्याच्या निकालानुसार स्थलांतराच्या कागदपत्रांअभावी कोणत्याही मुलाला सरकारी शाळेत प्रवेश नाकारता येत नाही.

मुलाला शिकण्यात अडचण असेल तर तपासणी टाळू नये. १९७५ सालापासून या देशात अपंग व शिकण्यात अडथळे असलेल्या मुलांना योग्य शिक्षणाचा कायदेशीर हक्क आहे आणि त्यांच्या नोंदी गोपनीय ठेवण्याचे बंधनही शाळेवर आहे. 'आपल्या लोकांत कळेल' या भीतीने मदत नाकारणारी कुटुंबे आम्ही पाहतो. त्यात मुलाची मोलाची वर्षे जातात, आणि ती परत मिळवून देणारे औषध आमच्याकडे नाही.

मुलगा वा मुलगी अठरा वर्षांची झाली किंवा महाविद्यालयात गेली की फर्पाचे हक्क पालकांकडून त्यांच्याकडे जातात. 'फी आम्ही भरतो, मग गुण आम्हाला का नाही?' असे विचारणारे वडील विद्यापीठाच्या कचेरीला नवीन नाहीत. प्राप्तिकराच्या दृष्टीने मूल अवलंबून असेल तर विद्यापीठ माहिती देऊ शकते. देण्याचे बंधन मात्र त्यावर नाही. त्यापेक्षा सोपा मार्ग म्हणजे मुलाशी इतके मोकळे नाते ठेवावे की गुणपत्रिका त्यानेच आणून दाखवावी.

शेवटी एक गोष्ट आपल्या घरची. आपली मंडळे रविवारी धम्मवर्ग चालवतात, गुणवंतांचा सत्कार करतात, स्मरणिकेत मुलांची छायाचित्रे छापतात. तेथे फर्पा लागू नाही; पण सिगालोवाद सुत्त लागू आहे. सत्कारापूर्वी मुलाला विचारावे, गुणांचा आकडा छापण्यापूर्वी त्याची संमती घ्यावी, आणि कोणाचे मूल कोणत्या खास वर्गात जाते याची चर्चा जेवणाच्या पंगतीत होऊ देऊ नये. धम्मवर्गात शिकवणारा प्रत्येक उपासक आणि प्रत्येक उपासिका ही दक्षिण दिशा आहे. त्या दिशेकडून मुलाला निर्धास्त वाटले पाहिजे.

आपल्या पूर्वजांची ओळख इतरांनी त्यांच्यावर लादली. ती गावाबाहेरच्या वस्तीत, गळ्यातल्या मडक्यात सर्वांना दिसत होती. १९५६ साली बाबासाहेबांनी नागपूरच्या भूमीवर आपल्याला आपली ओळख आपण निवडण्याचा मार्ग दाखवला. त्या निवडीचा हक्क आपल्या मुलांच्या हाती सुरक्षित ठेवणे, हे शिक्षकांचे कर्तव्य आहे, आणि शिक्षकांना त्याची आठवण देणे हे आपले. एवढे बोलून आम्ही आपली रजा घेतो.

नमो बुद्धाय! जय भीम!